टक्के आणि तास

बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना सरकारी दारात सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारला जातो : टक्के किती? एसटीच्या सवलतीला टक्के, रेल्वेच्या पासाला टक्के, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जाला टक्के, आयकरातल्या वजावटीलाही टक्के. मूल रात्री झोपतं का, कशाला घाबरतं, रस्ता एकटं ओलांडतं का, घास गिळताना त्याला ठसका लागतो का, हे विचारणारा रकाना त्या कागदांवर नसतो. हळूहळू पालकही आपल्या लेकराची ओळख तशीच करून देऊ लागतात : "आमचा पंच्याहत्तर टक्क्यांचा आहे." या पुस्तकाने हाती घेतलेला प्रश्न त्या आकड्याच्या पलीकडचा आहे. या माणसाला जगायला कसली मदत लागते, किती वेळ लागते, आज ती कोण देतं आणि त्याचा खर्च कोणी उचलायचा?

हा आकडा येतो कुठून ते आधी पाहू, कारण पुढचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. केंद्र सरकारच्या जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी बौद्धिक दिव्यांगत्वाचे टक्के व्हाइनलँड सोशल मॅच्युरिटी स्केल या मोजपट्टीवरून काढायला सांगितले. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या व्हाइनलँड इथे एडगर डॉल यांनी 1930 च्या दशकात ही मोजपट्टी तयार केली. तिचं भारतीय रूप घडलं ते आपल्या नागपुरात, ए. जे. मलिन यांच्या हातून. आईला किंवा मुलाला रोज सांभाळणाऱ्या माणसाला समोर बसवून मानसशास्त्रज्ञ विचारत जातात : स्वतःची निगा, जेवण, कपडे, स्वतःच्या मनाने वागणं, कामात गुंतणं, बोलणं-सांगणं, हिंडणं-फिरणं, लोकांत मिसळणं. या आठ बाबींतल्या उत्तरांवरून 'सामाजिक वय' निघतं आणि प्रत्यक्ष वयाशी त्याचं प्रमाण काढून गुणांक मिळतो. गुणांक 20 पर्यंत असेल तर 100 टक्के, 21 ते 35 असेल तर 90, 36 ते 54 ला 75, 55 ते 69 ला 50 आणि 70 ते 84 ला 25. पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी दाखला नव्याने काढायचा. अठराव्या वर्षीचा मात्र कायमचा. 2024 मध्ये या सूचना सुधारण्यात आल्या, पण दाखल्यावर टक्के छापायची रीत तशीच राहिली.

आता या तक्त्यातल्या दोन आकड्यांकडे जरा थांबून पाहा. गुणांक 35 आला तर दाखल्यावर 90 टक्के लिहिले जातात आणि 36 आला तर 75. मोजणाऱ्याने एखाद्या उत्तराला अर्धा गुण कमी-जास्त दिला, मुलगी त्या दिवशी तापाने फणफणलेली होती, आईने अभिमानाने "हो, करते की सगळं" असं सांगितलं, एवढ्यावरही तो एक गुण इकडचा तिकडे होतो. आणि 80 टक्क्यांची रेषा नेमकी या दोन आकड्यांच्या मधून जाते. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला 80 टक्के लागतात. आयकर कायद्याच्या कलम 80 डीडी खाली अशा व्यक्तीला सांभाळणाऱ्या कुटुंबाला मिळणारी वजावट 80 टक्क्यांच्या खाली 75,000 रुपये आणि वर 1,25,000 रुपये आहे. (नवी करप्रणाली स्वीकारली की दोन्ही जातात, हे वर्ष संपल्यावर कळलेली कुटुंबं कमी नाहीत.) एका गुणाच्या फरकाने घरात येणारा पैसा बदलतो. घरातलं काम तसूभरही बदलत नाही.

मोजपट्टीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. नुसत्या बुद्ध्यांकापेक्षा ती कितीतरी माणसाच्या जवळ जाणारी आहे. निदान ती जेवणाबद्दल आणि कपड्यांबद्दल विचारते. बुद्ध्यांकाच्या चाचणीचा उगमही दयाळू होता. 1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी ती रचली, ती वर्गात मागे पडणारी, वेगळ्या शिकवणीची गरज असलेली मुलं ओळखता यावीत म्हणून. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी मराठी आणि कन्नड मुलांना तपासून तिचं जे रूप सिद्ध केलं, ती 'बिने-कामत' चाचणी आजही आपल्या दवाखान्यांत वापरली जाते. या माणसांनी कष्टाने, प्रामाणिकपणे काम केलं. बिघडलं ते पुढे. मुलाला काय शिकवायचं हे ठरवण्यासाठी असलेलं साधन पैसे वाटण्याच्या खिडकीवर नेऊन ठेवलं, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या वाढीचे टप्पे मोजणाऱ्या पट्टीवर चाळिशीतल्या माणसाचं आयुष्य मोजायला घेतलं.

दोन तरुणांचं उदाहरण घ्या. दोघंही तिशीतले, दोघांच्याही दाखल्यावर 75 टक्के. पहिला कोकणातल्या एका वाडीत राहतो. सकाळी उठून गोठा झाडतो, चुलत्याबरोबर गुरं घेऊन जातो, दुकानातून साखर आणतो. पैसे त्याला मोजता येत नाहीत. दुकानदार स्वतःच हिशेब करून उरलेले त्याच्या खिशात घालतो. अंघोळ कर म्हणून काकू आठवण करते. जत्रेत तो चुकला तर वाडीतलं कोणीही त्याला घरी आणून सोडतं. दुसरा पिंपरीतल्या दोन खोल्यांच्या घरात आईबरोबर राहतो. त्याला फिट येतात. दार उघडं दिसलं की तो रस्त्यावर धावतो. मिक्सरचा आवाज झाला की स्वतःच्या हाताला चावतो. वडील गेल्यापासून आईने नोकरी सोडली आहे. दूध आणायला जाताना ती बाहेरून कुलूप लावते आणि वाटभर जीव मुठीत धरून चालते. दोघांचे दाखले एकाच नमुन्याचे, दोघांना मिळणारी रक्कमही एकच.

पहिल्या तरुणाकडे पाहून "याला काही मदत लागत नाही" असं म्हणण्याचा मोह होतो. अधिकाऱ्याला होतोच, पाहुण्यालाही होतो. पण त्याच्याभोवती मदतीचं किती दाट जाळं आहे ते पाहा : चुलता, काकू, दुकानदार, अख्खी वाडी. उद्या चुलता अंथरुणाला खिळला, वाडीतली घरं मुंबईच्या वाटेने रिकामी झाली, तर त्याचा गुणांक होता तिथेच राहील, आणि तो मात्र उघड्यावर पडेल. म्हणजे गरज माणसाच्या आत असते तेवढीच त्याच्या भोवतालातही असते. ती मोजायची तर त्याच्या अवतीभवती कोण उभं आहे, हेही त्याच कागदावर लिहावं लागेल. या पुस्तकाचा सगळा युक्तिवाद इथून सुरू होतो आणि मला तो पूर्ण पटतो.

जगात हा विचार रुजायला वेळ लागला. अमेरिकेतल्या या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक संघटनेने 1992 मध्ये आपली व्याख्याच बदलली आणि सौम्य-मध्यम-तीव्र या पायऱ्यांऐवजी मदतीच्या पायऱ्या सुचवल्या : अधूनमधून लागणारी, ठराविक काळापुरती, नियमित आणि सर्वकाळची. त्याच संघटनेने 2004 मध्ये सपोर्ट्स इंटेन्सिटी स्केल प्रसिद्ध केलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी आणि कॅनडाच्या काही प्रांतांनी ते स्वीकारलं. त्याची घडण समजून घेण्याजोगी आहे. घरातलं जगणं, समाजातला वावर, शिकणं, रोजगार, आरोग्य आणि सुरक्षितता, माणसांशी संबंध अशा विभागांतली एकेक कृती घ्यायची आणि प्रत्येकीबद्दल तीनच प्रश्न विचारायचे. मदत किती वेळा लागते : महिन्यातून, आठवड्यातून, रोज, की दर तासाला? ज्या दिवशी लागते त्या दिवशी किती वेळ : अर्ध्या तासाच्या आत, दोन तासांच्या आत, चार तासांच्या आत, की त्याहूनही जास्त? आणि कसली लागते : नुसतं लक्ष ठेवायचं, बोलून किंवा खुणेने आठवण द्यायची, हात लावून थोडं करायला मदत करायची, की सगळं आपणच करायचं? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण. आजारपणामुळे किंवा वागण्यातल्या अडचणींमुळे लागणारी जादा मदत वेगळी नोंदवायची. माहिती देणारी माणसं किमान दोन हवीत आणि त्यांनी त्या व्यक्तीला निदान तीन महिने जवळून पाहिलेलं हवं.

यातली एक अट मला फार मोलाची वाटते. ती व्यक्ती आज ती गोष्ट करत नसली, तरी प्रश्न गाळायचा नाही. करायची ठरवली तर काय लागेल, ते विचारायचं. आपल्याकडे पस्तीस वर्षांच्या एखाद्या बाईला नोकरीबद्दल कोणी विचारत नाही, कारण ती कधी नोकरीला गेलेलीच नसते; मग "लागू नाही" लिहून पान उलटलं जातं. इथे मात्र विचारावंच लागतं : पापड पॅक करण्याच्या कामावर ती गेली, तर तिला सोबत कोणाची, किती दिवस आणि कशासाठी लागेल? प्रश्न असा विचारला की समोर बसलेली आई क्षणभर गप्प होते. तिने हा विचार कधी केलेलाच नसतो, कारण तिला तो करू दिलेला नसतो.

हे आपल्या घरात आणून पाहू. अंघोळ ही एकच गोष्ट घ्या. "स्वतः अंघोळ करतो का?" याला आई "हो" म्हणते आणि गुण मिळून जातो. पण पाणी किती गरम आहे ते तीच हात घालून पाहते, साबण हातात देते, डोक्याला तेल राहिलं की पुन्हा आत पाठवते, आणि फिट येण्याची भीती असल्यामुळे दार लोटून बाहेरच उभी राहते. रोज, निदान अर्धा तास. गुणपत्रिकेतल्या त्या "हो"मध्ये हा अर्धा तास कुठेही नाही. एसटीने तालुक्याला जाणं, मोबाइलवर आलेल्या अनोळखी माणसाच्या मेसेजला उत्तर देणं, मासिक पाळीचे दिवस सांभाळणं, फिटची गोळी वेळेवर घेणं : अशा वीस-पंचवीस गोष्टींचे तास मांडत गेलं की एका कुटुंबाचा सबंध दिवस कागदावर उतरतो. ज्या पालकांनी तो पहिल्यांदा मांडला त्यांच्यातल्या पुष्कळांना तो वाचून रडू कोसळलेलं मी पाहिलं आहे. इतकी वर्षं आपण काय करत होतो, हे त्यांना तेव्हा प्रथम दिसलं.

मात्र गरज मोजता आली की न्याय आपोआप होईल, असा भाबडा समज हे पुस्तक करून देत नाही, याचं मला समाधान आहे. मोजणीला पैशाशी जोडणारं जे सूत्र असतं, खरी मेख तिथे असते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात काय घडलं ते प्रत्येक कल्याण अधिकाऱ्याने वाचायला हवं. तिथे विकासात्मक अपंगत्व असलेल्या प्रौढांची चाचणी घेऊन एका सूत्राने त्यांची वर्षाची रक्कम ठरत असे. 2011 च्या सुमारास अनेकांची रक्कम अचानक कापली गेली. का, असं विचारल्यावर सूत्र सांगायला राज्याने नकार दिला. ते व्यापारी गुपित आहे म्हणे. प्रकरण कोर्टात गेलं, सूत्र उघडं करावं लागलं, आणि त्यामागची आकडेवारीच सदोष असल्याचं निघालं. 2016 मध्ये केंद्रीय न्यायालयाने ठरवलं की अशा मनमानी पद्धतीने लोकांचं साहाय्य कापणं घटनेने दिलेल्या योग्य प्रक्रियेच्या हक्काचा भंग आहे. स्प्रेडशीटमधल्या काही रकान्यांनी हजारो लोकांचं जगणं ठरवलं होतं आणि त्या रकान्यांत काय आहे हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने 2013 मध्ये राष्ट्रीय दिव्यांग विमा योजनेचा कायदा केला. संस्थेला अनुदान देण्याऐवजी व्यक्तीच्या नावाने रक्कम ठरवायची, तिला लागणारं 'वाजवी आणि आवश्यक' साहाय्य सरकारने पुरवायचं, हा त्याचा गाभा. इतक्या मोठ्या पायावर असं धाडस फार थोड्या देशांनी केलं आहे. पण खर्च वाढू लागला तशी मोजणीवर नजर गेली. सरकारने नेमलेल्या परक्या तज्ज्ञाने काही तासांत ठराविक चाचण्या घेऊन गरज ठरवायची, अशी योजना पुढे आली. दिव्यांग व्यक्तींनी आणि त्यांच्या घरच्यांनी इतका विरोध केला की जुलै 2021 मध्ये ती मागे घ्यावी लागली. 2025 मध्ये गरजांच्या नव्या मोजणीसाठी तिथेच तयार झालेलं आय-कॅन हे साधन निवडलं गेलं, आणि मुलाखत कोण घेणार, निकाल पटला नाही तर दाद कुठे मागायची, हे वाद पुन्हा सुरू झाले. श्रीमंत देशालाही हे सोपं गेलेलं नाही. आपण सुरुवातीला आहोत, म्हणून त्यांच्या चुका टाळण्याची सोय आपल्याला आहे.

आपल्याकडे कायदा आहे आणि तो चांगला आहे, हे ठासून सांगायला हवं. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी स्वीकारला. त्याला अनुसरून झालेला दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. या कायद्यात 'उच्च साहाय्य' ही स्वतंत्र संकल्पना आहे : रोजच्या हालचालींसाठी, निर्णय घेण्यासाठी, शिक्षण, रोजगार, कुटुंब आणि समाजात सहभागी होण्यासाठी, उपचारांसाठी लागणारी सघन मदत, मग ती शारीरिक असो की मानसिक. कलम 38 म्हणतं की 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या कोणालाही आपल्याला अशी मदत लागते असं वाटलं, तर त्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने कोणीही अर्ज करावा. मूल्यमापन मंडळाने ती गरज आणि तिचं स्वरूप तपासून प्रमाणित करावं. आणि त्यानुसार साहाय्य मिळावं. 2019 मध्ये केंद्राने त्यासाठी नियमही केले. म्हणजे टक्क्यांच्या पलीकडे जाणारं दार कायद्याने कधीच उघडून ठेवलं आहे. मला भेटलेल्या पालकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक होतं. यूडीआयडी कार्डासाठी ज्या खिडकीवर ते तासन् तास उभे राहिले, तिथेही त्यांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

सर्वोच्च न्यायालयही याच दिशेने बोललं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की केवळ टक्के जास्त आहेत म्हणून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. ही व्यक्ती हा अभ्यासक्रम करू शकते का, ते मंडळाने प्रत्यक्ष तपासून नोंदवलं पाहिजे. तो विद्यार्थी बौद्धिक दिव्यांग नव्हता, पण मुद्दा तोच आहे. टक्के माणसाबद्दल फार थोडं सांगतात.

आता पैसा. केंद्राच्या निवृत्तिवेतनात 18 ते 79 वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये आहे. म्हणजे दिवसाला दहा रुपये. महाराष्ट्रात संजय गांधी योजनेची रक्कम 2023 मध्ये 1,500 रुपये झाली आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ती 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. वाढ स्वागतार्हच आहे. तरी हिशेब करून पाहा : 2,500 म्हणजे दिवसाला सुमारे 83 रुपये. ज्याच्याजवळ चोवीस तास कोणीतरी असावंच लागतं त्याच्या बाबतीत ते तासाला साडेतीन रुपये पडतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हे संरक्षण ज्यांनी अजून घेतलं नसेल त्यांनी ते जरूर घ्यावं. ग्रामपंचायतींपासून महानगरपालिकांपर्यंत सगळ्यांनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत याचा हिशेब मागितला गेला की तो पैसा हलतो, हा अनेक गावांचा अनुभव आहे. पण यातली कुठलीही रक्कम गरजेच्या मापाने ठरत नाही. वाडीतल्या तरुणाला आणि पिंपरीतल्या तरुणाला संजय गांधीचे पैसे सारखेच.

आणि सांभाळणाऱ्या व्यक्तीचं काय? 2016 च्या कायद्याच्या कलम 24 मध्ये उच्च साहाय्य लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा स्पष्ट उल्लेख आहे. इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा दिव्यांगांना किमान 25 टक्के जास्त रक्कम मिळावी, असंही तेच कलम म्हणतं. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला "आर्थिक कुवतीच्या मर्यादेत" असे शब्द आहेत आणि सगळी टाळाटाळ त्यांच्या आडोशाने होते. केरळने आश्वासकिरणम या योजनेतून अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना सांभाळणाऱ्यांना दरमहा भत्ता द्यायला सुरुवात केली, तो पुढे 600 रुपये झाला. रक्कम तुटपुंजी आहे, पण आईचं काम हे काम आहे, असं तिथल्या सरकारने लेखी मान्य केलं. आपल्याकडे ही जबाबदारी अजूनही तिच्या मायेच्या नावावर मांडली जाते. तिने सोडलेली नोकरी, न केलेला प्रवास, पाठीचं दुखणं, लग्न लांबलेली धाकटी मुलगी यांची बेरीज कोणत्याच अंदाजपत्रकात नसते. या क्षेत्रातला सगळ्यात मोठा निधी या बायकांनी दिला आहे, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

प्रौढपणाबद्दल या पुस्तकात दोन प्रकरणं आहेत. ती सगळ्यात आधी वाचली तरी चालतील. आपल्याकडचं बहुतेक काम मुलांसाठी सुरू झालं. मुंबईत 1944 मध्ये जय वकील शाळा उभी राहिली ती एका आईवडिलांच्या आपल्या लेकीसाठीच्या तळमळीतून. पुण्यात 1964 मध्ये सिंधूताई जोशींनी 'कामायनी' सुरू केली. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा झाल्या. अठरा वर्षं पूर्ण झाली की मात्र शाळा संपते, कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळते, नाहीतर मूल घरी बसतं. दरम्यान या मुलांचं आयुष्य वाढलं आहे, ही अतिशय आनंदाची गोष्ट आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचं सरासरी आयुर्मान अमेरिकेत 1983 मध्ये 25 वर्षं होतं, ते आता 60 च्या घरात गेलं आहे. पण याच व्यक्तींना अल्झायमर्सचा विकार इतरांपेक्षा खूप लवकर, कधी कधी चाळिशी-पन्नाशीतच, गाठतो. अठराव्या वर्षी मिळालेल्या कायमच्या दाखल्यावर पन्नाशीतली ही नवी अवस्था कुठे लिहायची? दाखला कायमचा असावा, त्यासाठी म्हाताऱ्या आईवडिलांना पुन्हा रांगेत उभं करू नये, याबद्दल दुमत नाही. निदान एकदाच व्हावं आणि गरज मात्र दर काही वर्षांनी, शक्यतो घरी येऊन, नव्याने विचारली जावी. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय "आमच्यानंतर काय?" या प्रश्नाचं उत्तर सुरूसुद्धा होणार नाही. कौटुंबिक उत्पन्नाच्या अटीचाही इथेच फेरविचार हवा. चाळीस वर्षांच्या माणसाची गरज त्याची स्वतःची असते. भावाचा पगार पाहून त्याचं साहाय्य नाकारणं म्हणजे त्याला आयुष्यभर कोणाच्या तरी उपकारात ठेवणं आहे.

एक गोष्ट मला या पुस्तकात आणखी सविस्तर वाचायला आवडली असती : ज्याची गरज मोजायची त्याला विचारण्याची. 2009 मध्ये चंदीगडच्या एका निवारागृहातल्या, सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मातृत्वाचा निर्णय तिच्या इच्छेविरुद्ध घेता येणार नाही, असा निकाल दिला होता. इतक्या मोठ्या निर्णयात तिचं म्हणणं ऐकलं जाऊ शकतं, तर रोज सकाळी कोण अंघोळ घालणार, कोणत्या भावाकडे राहायचं, कार्यशाळेत मेणबत्त्या करायच्या की बाग सांभाळायची, यांत का नाही? 2016 च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना आणली आहे. त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा आणि त्या व्यक्तीची इच्छा विचारात घ्यायची. बोलता न येणारा माणूसही काय नको ते सांगतो. तोंड फिरवतो, ताट सरकवतो, एखादी बाई आली की शांत होतो. मूल्यमापन करणाऱ्याला हे वाचता आलं पाहिजे आणि त्यासाठी वेळ मिळाला पाहिजे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये बुधवारच्या कॅम्पला दीडशे माणसं रांगेत असताना तो मिळत नाही. दोष तिथल्या डॉक्टरांचा नाही. त्यांना जितक्या मिनिटांत हे काम उरकायला लावलं आहे, तेवढ्यात ते कोणालाच जमणार नाही.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. कलम 38 खालचं मूल्यमापन जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू व्हावं आणि त्या मंडळावर विशेष शिक्षक आणि पालक असावेत. प्रश्नावली मराठीत, घरातल्या भाषेत असावी. गुणांवरून रक्कम कशी निघते ते सूत्र कोणालाही वाचता येईल असं जाहीर असावं. निकाल पटला नाही तर महिनाभरात दाद मागता यावी. काळजीवाहक भत्ता संजय गांधीच्या रकमेपासून वेगळा, सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात जमा व्हावा. डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग स्थापन केला. हे काम त्या विभागाने अंगावर घ्यावं. 2011 च्या जनगणनेत देशात बौद्धिक दिव्यांग म्हणून नोंदवलेल्या व्यक्ती 15 लाखांच्या वर होत्या. त्यांच्या घरांत पोचायला आपल्याकडे अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, विशेष शाळांतल्या शिक्षिका आहेत. त्यांना प्रशिक्षण आणि मानधन द्या, माणसं कमी पडणार नाहीत.

पालकांना एक विनंती. सरकार हलेल तेव्हा हलेल. या पुस्तकाच्या शेवटी दिलेला आठवड्याचा तक्ता आजच भरायला घ्या. सात दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, आणि रात्री उठावं लागलं तर तेही. कोणी, कशासाठी, किती वेळ मदत केली, एवढंच लिहा. भावाला, शेजारणीला, कार्यशाळेतल्या बाईंनाही त्यात लिहायला सांगा. त्याच्या तीन प्रती काढा : एक दाखल्याच्या फाइलमध्ये, एक मुलाच्या भावंडाकडे आणि एक उच्च साहाय्याच्या अर्जाला जोडण्यासाठी. तो अर्ज तुमच्या मुलाला स्वतः करता येतो, तुम्हाला करता येतो, आणि तुम्ही नसाल तेव्हा त्याच्या वतीने एखाद्या संस्थेला किंवा शेजाऱ्यालाही करता येतो. कायद्यात तशी तरतूद आहे.